काय बदललं?

"मी तिचा बाप आहे हो," पलीकडचा आवाज म्हणाला. "बापालासुद्धा सांगता येत नाही?"

"नाही सांगता येत."

"बरं, एवढंच सांगा. तिचं सगळं व्यवस्थित चाललंय ना? हो किंवा नाही."

उपासनींनी रिसिव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. त्याच मुलीचं पान समोरच्या स्क्रीनवर उघडं होतं. स्मृती टिपणीस, फार्मसी, दुसरं वर्ष. घेतलेली क्रेडिट्स एकशेवीस, पार पडलेली सत्तर. शेवटच्या रकान्यात तांबड्या अक्षरांत अठ्ठावन्न पूर्णांक तेहतीस.

"हो म्हणालो तरी ते सांगणंच झालं, आणि नाही म्हणालो तरी सांगणंच," ते म्हणाले. "विद्यार्थी सज्ञान असला की त्याच्या परवानगीशिवाय आम्हाला काही बोलता येत नाही, टिपणीससाहेब. तुम्ही तिलाच विचारा ना."

"तिला विचारलं की म्हणते, ऑल गुड, बाबा." पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "मी एडिसनहून बोलतोय, न्यू जर्सी. कॉलेजच्या वेबसाइटवर नावं बघत होतो, त्यात तुमचं दिसलं. दत्तात्रय उपासनी. म्हटलं, चला, आपलं माणूस आहे तिथे. बरं वाटलं होतं मला."

"तुमचा फोन आला होता एवढं मी तिला सांगू शकतो."

"नको, नको. ते नका सांगू."

फोन ठेवल्यावर उपासनींनी नोंदवहीत वेळ लिहिली, 'पालकांचा फोन, माहिती दिली नाही' असं लिहिलं आणि पुढचं पान उघडलं.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. अमेरिकेचं केंद्र सरकार आपल्या मुलांना शिकायला कर्ज देतं आणि मूल आयर्लंडला शिकायला आलं तरी ते कर्ज त्याच्यामागे येतं. मात्र मूल पुढे सरकत असलं पाहिजे. जेवढी क्रेडिट्स घेतली त्यांतली शंभरात निदान सदुसष्ट पार पडली पाहिजेत. नास गावाच्या बाहेर, मोटरवेच्या कडेला असलेल्या या लहानशा खासगी कॉलेजात अशी एकशेचाळीस अमेरिकन मुलं होती आणि फेरपरीक्षांचे निकाल लागले की त्या सगळ्यांचा हिशेब उपासनी एकटे तपासत. पात्र किंवा अपात्र. अकरा वर्षं ते हेच काम करत होते. ऑफिसातले लोक त्यांना दत्ता म्हणायला जात आणि ते 'डाटा' व्हायचं. आकडेवारीच्या माणसाला हे नाव शोभतं, असं त्यांची वरिष्ठ ग्रॉन्या म्हणायची. त्यांनीही ते कधी दुरुस्त केलं नाही.

त्याआधी भारतात एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात त्यांची सतरा वर्षं गेली होती. तिथे एकदा एका बड्या माणसाच्या पुतण्याचे गुण 'नीट करून घ्या' असा निरोप आला होता. उपासनींनी ते केलं नाही. वर तक्रारही केली नाही. नुसतं केलं नाही. नंतरची दोन वर्षं ते तळघरात कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजत होते. मग लताला, त्यांच्या बायकोला, नासच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी मिळाली आणि ते राजीनामा देऊन तिच्यामागे आले. सहा-सात वर्षं घरी राहून त्यांनी मुलीला वाढवलं, पोळ्या लाटायला शिकले. एवढ्यात पन्नाशी आली. तेव्हा ही कारकुनी मिळाली. आता ते एकसष्टचे होते.

अपात्र ठरलेल्या मुलाला अपील करता येई. अर्जात दोन प्रश्न असत. तुम्ही मागे का पडलात? आणि, आता काय बदललं आहे, ज्यामुळे पुढच्या वेळी तुम्ही पास व्हाल? स्मृती टिपणीसचा अर्ज वेळेत आला होता. आई मार्चमध्ये गेली. त्यानंतर आपण शोकसमुपदेशनाची सहा सत्रं पूर्ण केली, वेळापत्रक आखलं, अभ्यासगटात सामील झालो, आता आपली मानसिक तयारी पक्की आहे. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. अशी पत्रं गेली दोन वर्षं गठ्ठ्यांनी येत होती आणि ती कुणी, म्हणजे कशानं लिहिलेली असतात हे उपासनींना कळत होतं. पण मुलांनी पत्र कशाकडून लिहून घ्यावं याबद्दल नियमात काही नव्हतं. कागद पुरा आहे ना, एवढंच त्यांनी बघायचं होतं. या अर्जाला मृत्यूचा दाखला जोडलेला नव्हता, म्हणून त्यांनी तिला दोन ओळींची मेल पाठवली.

बुधवारी ती स्वतःच खिडकीशी आली. उंच, बारीक मुलगी. कॉलेजचा निळा हूडी, बाह्या तळव्यांपर्यंत ओढलेल्या.

"आय ब्रॉट द... ते सर्टिफिकेट," तिनं पाकीट पुढे केलं. मग त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघून म्हणाली, "तुम्ही मराठी आहात ना?"

"हो."

"मला येतं. थोडं थोडं. आई घरी मराठीच बोलायची."

त्यांनी दाखला काढला. चित्रा हरीश टिपणीस. वय एक्कावन्न. खबर देणाऱ्याचं नाव, नातं, तारीख. त्यांनी ती तारीख परीक्षांच्या तारखांशी ताडून पाहिली, प्रत काढली, प्रतीवर 'मूळ दाखला पाहिला' असा शिक्का मारून खाली सही केली आणि मूळ कागद घडी न मोडता पाकिटात घातला. हे सगळं होईपर्यंत ती त्यांच्या हातांकडे बघत होती.

"झालं. आता अर्ज पुरा आहे," ते म्हणाले. "मंगळवारी कमिटीपुढे जाईल."

ती गेली नाही.

"काका, एक सांगू?"

"सांग ना."

"ते स्टेटमेंट मी नाही लिहिलं. आय मीन, मी टाइप केलं की आई गेली आणि मला अपील पाहिजे, आणि ते आलं. मी वाचलंपण नाही नीट. मी काउन्सेलिंगला गेलेच नाही. एकदापण नाही."

उपासनींनी पेन खाली ठेवलं. मागच्या बाजूला कुणीतरी प्रिंटरचा कागद बदलत होतं. खिडकीशी दुसरं कुणी नव्हतं.

"हे मला सांगायला नको होतंस," ते हळू आवाजात म्हणाले.

"का?"

"कारण आता मला ते माहीत झालं. हा सरकारी अर्ज आहे. त्यावर माझी सही जाते, जे जोडलंय ते मी तपासलंय म्हणून. माहीत नसल्यासारखं नाही करता येत मला."

"मग आता?"

"शुक्रवारी पाचपर्यंत पत्र बदलता येतं. दुसरं लिही. खरं असेल ते लिही."

"खरं काय लिहू?" ती एकदम म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "त्यांनी विचारलंय, व्हॉट हॅज चेंज्ड. काय बदललं? काहीच नाही बदललं. आई अजून नाहीये."

बहुतेक उपासनी 'लिहून तर बघ' असं काहीतरी म्हणाले असावेत. ती गेल्यावर त्यांनी अर्जावरचा 'पूर्ण' हा शेरा खोडून 'विद्यार्थिनी निवेदन बदलणार आहे' असं लिहिलं.

नवं पत्र शुक्रवारी चारला आलं. ते इंग्रजीत होतं आणि एका पानाचंही नव्हतं. उपासनींनी ते इतक्या वेळा वाचलं की त्यांच्या मनात ते मराठीतच उरलं:

'माझी आई अकरा मार्चला गेली. तेव्हा मी विमानात होते. बारा दिवसांनी मी परत आले, कारण मी फार्मासिस्ट व्हावं असं तिला वाटत होतं. मेमध्ये एका पेपरात एक प्रश्न होता. कॅन्सरचा शेवटच्या टप्प्यातला रुग्ण, वय एक्कावन्न, मॉर्फिनची मात्रा किती वाढवाल ते काढा. मला उत्तर येत होतं. बाबा मला रोज फोनवर ती मात्रा सांगायचे. मी पेपर परत दिला आणि पुढच्या पेपरांना गेले नाही. ऑगस्टमध्ये हॉलच्या दारापर्यंत गेले आणि मागे फिरले. काय बदललं असं तुम्ही विचारता. काही बदललेलं नाही. मी कुणाची मदत घेतलेली नाही. पुढच्या परीक्षेला मला बसता येईल की नाही, मला माहीत नाही. बसायची इच्छा आहे. एवढंच मला खरं सांगता येतं.'

मंगळवारी कमिटी बसली. ग्रॉन्या, फार्मसीचे एक प्राध्यापक आणि विद्यार्थी कल्याणच्या बाई. उपासनी टिपणं घ्यायला कोपऱ्यात बसत. त्यांना मताचा अधिकार नव्हता.

"हे पत्र वाचलं आणि मी गाडीत दहा मिनिटं तशीच बसून राहिले, डाटा," ग्रॉन्या म्हणाली. ती बोलायची अर्थातच इंग्रजीत, आणि मीथ परगण्याकडच्या हेलात. "बिचारी पोर. पण तिनंच आपल्याला सांगितलंय की तिला जमेल असं तिला वाटत नाही. मी 'मंजूर' लिहिलं तर कारणाच्या जागी काय लिहू?"

"प्रश्न सरळ आहे," प्राध्यापक म्हणाले. "काय बदललं? उत्तरही सरळ आहे."

कल्याणच्या बाईंनी बराच वेळ ते पान हातात धरलं होतं. "दुसऱ्या कुणी असं लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "बाकीची सगळी एका साच्यातली."

"म्हणूनच हे नामंजूर करणं जास्त वाईट वाटतं," ग्रॉन्या म्हणाली. "पण करायला लागेल."

"मी बोलू का?" उपासनींनी विचारलं. तिघांनीही मान वळवून पाहिलं. अकरा वर्षांत हा माणूस इथे बोललेला नव्हता. त्यांनी काय सांगायचं ते मनात तयारच केलं नव्हतं. "तिनं आधी एक चांगलं पत्र दिलं होतं. ते बदलायला मी सांगितलं."

"का?"

"ते खरं नव्हतं म्हणून."

ग्रॉन्यानं चष्मा काढला. "मग तू बरोबर केलंस," ती म्हणाली. "पण त्यानं इथलं काही बदलत नाही, लव्ह."

नामंजूर. उपासनींनी टिपणात तसं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

पत्र मेलनं जाणारच होतं, पण ती मेल वाचायच्या आत त्यांनी स्मृतीला बोलावून घेतलं आणि स्वतः सांगितलं. ती नुसतं "ओके" म्हणाली. मग त्यांनी एक कागद तिच्यासमोर सरकवला. आदल्या संध्याकाळी त्यांनी त्यावर आकडेमोड केली होती.

"हे नीट बघ. तू आता कर्जाशिवाय वर्ष करू शकणार नाहीस, ते कळलं मला. पण वर्षाची रजा घेता येते. नाव जात नाही. घरी जा. पुढच्या ऑगस्टला फक्त परीक्षेला ये. राहिलेले विषय आठ, पाच-पाच क्रेडिट्सचे; प्रात्यक्षिकाची दहा नंतर करायची. आठही सुटले तर एकशेसाठपैकी एकशेदहा. अडुसष्ट पूर्णांक पंचाहत्तर. मग अपील लागत नाही. कमिटी नाही, पत्र नाही, कुणाला काही सांगावं लागत नाही. तू आपोआप पात्र होतेस."

"आणि सात सुटले तर?"

"पासष्ट पूर्णांक सहा."

"म्हणजे नाही."

"नाही."

तिनं कागदाची घडी करून हूडीच्या खिशात घातली. दारापाशी ती थांबली. काही विचारेल असं उपासनींना वाटलं. तिनं फक्त दार हळू ओढून घेतलं.

चार दिवसांनी पुन्हा एडिसनहून फोन आला. या वेळी आवाजात आर्जव नव्हतं.

"ती घरी आलीय," हरीश टिपणीस म्हणाले. "बॅगा घेऊन. सांगितलं तिनं सगळं. पहिलं पत्र चांगलं होतं म्हणे. तुम्ही ते परत करायला लावलंत?"

"मला त्याबद्दल बोलता येणार नाही."

"बोलता येणार नाही, बोलता येणार नाही! तिनंच सांगितलंय मला, उपासनीकाका म्हणाले खरं लिही. अहो, सगळी पोरं देतात तसलं पत्र. सगळी! तुम्हाला काय पडलं होतं? तिची आई शेवटच्या आठवड्यात काय म्हणत होती माहितीये? तिचं शिक्षण थांबवू नका. एवढंच म्हणत होती."

उपासनी ऐकत राहिले. तिनं परवानगीचा फॉर्म भरलेला नव्हता. रजेबद्दल, आठ विषयांबद्दल, ऑगस्टबद्दल ते एक शब्द बोलू शकत नव्हते. तिनं बापाला तेवढं सांगितलं होतं की नाही, तेही विचारता येत नव्हतं.

"तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगी आहे."

"मग तिला तुमच्यासारखा माणूस कधी भेटू नये, एवढंच म्हणतो मी."

फोन बंद झाला. उपासनींनी वेळ लिहिली. 'पालकांचा फोन, माहिती दिली नाही.'

त्या संध्याकाळी त्यांनी लताला सांगितलं. नाव, गाव, विषय, सगळं वगळून. एक मुलगी होती, एवढंच. लता हॉस्पिटलातून आल्या आल्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली होती, पायातले बूटही न काढता.

"तुला गप्प बसता आलं असतं," ती म्हणाली.

"आलं असतं."

"तिनं सांगितलं ते तुझ्यात आणि तिच्यातच राहिलं असतं. कुणाचं काय जाणार होतं?"

"सही माझी होती, लता."

"सही, सही! तू त्या तळघरातून अजून वर आलेलाच नाहीस, दत्ता." मग तिचा आवाज उतरला. "मी रोज काय करते सांग बघू. माणसांना भूल देते. ते खोटं असतं का? कापतायत ते खरंच असतं. पण त्या वेळेपुरतं त्याला कळायला नको असतं, कळलं तर तो मरेल. त्या पोरीनं आपली आपण थोडी भूल घेतली होती. तू ती उतरवलीस."

उपासनी कणीक मळत होते. त्यांचे हात थांबले.

"ती स्वतः सांगायला आली होती," ते म्हणाले.

"हो. तेही आहे," लता म्हणाली, आणि वाकून बुटांचे बंद सोडू लागली.

हिवाळा आला. ऑफिसात नव्या सत्राची गडबड सुरू झाली आणि ओसरली. बाकीची एकशेएकोणचाळीस मुलं पुढे सरकत होती. उपासनी रोज नासच्या कालव्याच्या कडेनं घरी चालत जायचे. त्या पहिल्या पत्राची प्रत त्यांनी नियमाप्रमाणे नष्ट केली होती, पण त्यातली वाक्यं त्यांना पाठ होती. चांगली वाक्यं होती. त्या वाक्यांनी कुणाचं नुकसान झालं नसतं. कदाचित पत्रात लिहिलंय म्हणून ती खरंच एखाद्या दिवशी समुपदेशनाला गेलीही असती. माणसं कधीकधी आधी खोटं लिहितात आणि मग ते खरं करून दाखवतात, हे त्यांनी पाहिलं होतं. तसं झालं असतं तर? आणि झालं नसतं, ती इथेच एकटी खोलीत बसून राहिली असती, तर? दोन्हीपैकी कुठलंच पुरतं पटायचं नाही. विद्यापीठातल्या त्या पुतण्याच्या वेळी त्यांना एकदाही असा प्रश्न पडला नव्हता. तळघरात त्यांना शांत झोप लागायची.

एप्रिलच्या शेवटी फेरपरीक्षेच्या नोंदणीची यादी आली. उपासनींनी ती वरून खाली वाचली नाही, थेट 'टी'वर गेले. टिपणीस, स्मृती. विषय आठ.

त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. लतानंच एके दिवशी विचारलं, "आज पोळ्या पातळ कशा झाल्या?"

ऑगस्टमधला पहिला सोमवार सुट्टीचा होता. मंगळवारपासून परीक्षा सुरू झाल्या. उपासनींचं तिकडे काही काम नसे. परीक्षेचा हॉल पलीकडच्या इमारतीत होता. पहिले सहा दिवस ते गेले नाहीत. रोजचा हजेरीपट मात्र त्यांच्याकडे यायचा. तिची सही असायची. सात पेपर झाले. आठवा, शेवटचा, तोच होता. औषधयोजना. गेल्या वर्षी मेमध्ये तिनं परत दिलेला.

त्या सकाळी अकराच्या सुमारास ते एक फाईल घेऊन निघाले. तिकडे जायला फाईलची गरज नव्हती.

हॉलबाहेरचा बोळ आतल्या बाजूला आहे, त्याला एकही खिडकी नाही. भिंतीशी एक बाक. बाकावर साठीच्या आतबाहेरचा एक माणूस बसला होता. बारीक, दाढी न केलेला, मांडीवर घडी केलेला रेनकोट. शेजारी मुलीची पाठपिशवी. उपासनींना तो लगेच ओळखू आला, पाहिला कधीच नव्हता तरी. परत फिरता आलं असतं.

"टिपणीस?" त्यांनी विचारलं.

त्या माणसानं वर पाहिलं.

"मी उपासनी."

हरीश टिपणीसांनी पुन्हा दाराकडे मान वळवली. दाराला उभट काच होती. तिच्यातून टेबलांची एक रांग दिसत होती आणि तिसऱ्या टेबलावर खाली वाकलेली एक मान.

"दोन तास झाले," ते म्हणाले. "अजून आत आहे."

"हो."

"सकाळी गाडीतून उतरेना. मी म्हटलं, चल, परत जाऊ. म्हणाली, नाही, दहा मिनिटं थांबा. मग गेली." त्यांनी रेनकोटाची घडी पुन्हा घातली. "मी फोनवर वाटेल ते बोललो होतो तुम्हाला."

"ते ठीक आहे."

"ठीक नाही. पण मी ते परत घ्यायला बसलेलो नाही. तुम्ही गप्प राहिला असतात तर तिचं वर्ष वाचलं असतं."

"वाचलं असतं," उपासनी म्हणाले.

"ती घरी आली आणि चौदा तास झोपली. मग आठवडाभर तशीच. मला वाटलं संपलं सगळं. डिसेंबरमध्ये तिनं ते पत्र मला वाचायला दिलं. ते दुसरं. तोवर मी चित्राचं नाव घरात काढलं नव्हतं. म्हटलं, पोरीला त्रास होईल. आणि ती काढत नव्हती, मला त्रास होईल म्हणून." त्यांनी पाठपिशवीचा पट्टा सरळ केला. "ती मॉर्फिनची मात्रा मी तिला रोज का सांगायचो कुणास ठाऊक. दुसरं काही सांगण्यासारखं नसायचं. फोनवर काय बोलणार? मी आपला सांगायचो, आज दहा, आज पंधरा. तिला परीक्षेत तोच प्रश्न आला, हे मला त्या पत्रातनं कळलं. सात महिन्यांनी."

उपासनी उभेच होते.

"तुम्हाला काय म्हणायचं ते मी अजून ठरवलेलं नाही," टिपणीस म्हणाले. "खरं सांगतो."

"नका ठरवू."

टिपणीसांनी पाठपिशवी उचलून पायाशी ठेवली आणि ते थोडे सरकले. उपासनी बाकाच्या रिकाम्या जागेवर बसले.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. स्मृती टिपणीस आठही विषयांत पास झाली, दोनांत अगदी काठावर. तिच्या नावापुढे अडुसष्ट पूर्णांक पंचाहत्तर आले. उपासनींनी ते तीनदा मोजून पाहिले, रकान्यात 'पात्र' लिहिलं आणि पुढच्या नावाकडे गेले. ती पुन्हा आली, खिडकीशी एकदोनदा दिसली, नमस्कार करून गेली. पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी दोघांपैकी कुणालाच त्यातलं काही माहीत नव्हतं.

ते नुसते बसून राहिले. बोळातले दिवे हालचालीवर चालणारे. कुणी हललं नाही की काही मिनिटांनी आपोआप विझतात. ते विझले. येणाऱ्याजाणाऱ्यानं सवयीनं हात हलवला की पुन्हा लागतात, पण दोघांनीही हात हलवला नाही. दाराच्या काचेतून हॉलमधला उजेड जमिनीवर लांब पट्टीसारखा पडला होता आणि त्या पट्टीकडे बघत दोघं अंधारात बसले होते, पेपर संपायची वाट पाहत.